अंतिम सामन्याआधीचा राउटर

घरात नवी वस्तू आली की तिच्याबरोबर किस्सेही येतात, आणि वस्तू भंगारात गेली तरी किस्से घरातच राहतात. आमच्या फ्रिजचे किस्से अजून लग्नकार्यांत निघतात. पण अमरावतीच्या आमच्या घरात नव्या राउटरनं एका आठवड्यात जेवढे किस्से जमवले, तेवढे फ्रिजला आयुष्यभरात जमले नाहीत. आठवतात तसे सांगतो.

*

सुरुवात उपांत्य सामन्यापासून झाली. माझी मुलगी पल्लवी कॉलेजच्या खो-खो संघात खेळते. स्पर्धा ओडिशात होती. माझी बायको सुनंदा जाणार होती, तिकीटही काढलं होतं. नेमकी बाथरूममध्ये घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये! लेकीला मैदानात खेळताना तिनं कधीच पाहिलं नव्हतं, आणि आता इंटरनेटवरून टीव्हीवर दिसणाऱ्या थेट प्रक्षेपणाशिवाय दुसरा इलाज नव्हता.

सामना रंगात आला. शेवटची पाळी. पल्लवी धावली, खांबाजवळ तिनं सूर मारला आणि चित्र थांबलं. मुलगी हवेत, हात पुढे, वेणी सरळ मागे. मधोमध ते गोल चक्र फिरतंय!

मी राउटर बंद करून चालू केला. टीव्ही बंद करून चालू केला. पल्लवी हवेतच.

सुनंदा ओरडली, "अवो, खाली तं आणा माह्या लेकीले!"

निकाल शेवटी फोनवर कळला. जिंकल्या होत्या. अंतिम सामना रविवारी. सुनंदा मला एवढंच म्हणाली, "रविवारी असं झालं नं, तं मी प्लास्टरसकट ओडिशाले जाईन."

राउटर बदलायचा ठरला.

*

समोरचे वानखडे बातमी ऐकून लगेच आले. त्यांच्याकडे गेल्याच महिन्यात नवा राउटर आला होता.

"वहिनी, आमच्याले आठ शिंगं हायेत! आठ! आठाच्या खाली घेऊच नका."

शिंगं म्हणजे अँटेना. मी विचारलं, "पण त्यातली किती कामाची?"

वानखडे म्हणाले, "ते मले नाही माहीत. पण दिसते कसं जबरदस्त!"

सुनंदा पलंगावरूनच म्हणाली, "वानखडे भाऊजी, शिंगं पाहून म्हैस घेतात जी!"

*

मला कुठलीही वस्तू घेताना घाई जमत नाही. मी घराचा नकाशा काढला. कुठली भिंत विटेची, कुठली सिमेंटची, लोखंडी कपाट कुठे, टीव्ही कुठे, सगळं मापासकट. मोबाइलवर वेग मोजून प्रत्येक खोलीत आकडाही लिहिला. तोवर अकोल्याहून माझा मेव्हणा गजानन आला होता. आमच्याकडे कुठलीही खरेदी गजाननशिवाय होत नाही. त्याला घेऊन दुकानात गेलो आणि नकाशा काउंटरवर पसरला.

दुकानदार बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, वास्तुशास्त्रवाले तिकडं वरच्या माळ्यावर बसतात."

समजावून सांगितल्यावर मात्र माणूस खुलला. "मंग तुमाले दोन पट्ट्यांचा, ड्युअल बँडवाला पायजे. एक पट्टा लांब जाते पण हळू. दुसरा फास्ट, पण भिंतीले घाबरते. टीव्ही फास्टवाल्यावर लावा आन् राउटर घराच्या मधात ठेवा."

मी मधल्या दर्जाचा, चार अँटेनांचा निवडला. गजानननं आपलं काम केलं. "आमाले चार शिंगं नाही पायजेत, दोन काढून घ्या, पण भाव बरोबर लावा!"

दुकानदारानं हात जोडले आणि भाव लावला.

*

घरात यंत्र आलं की आधी पूजा, मग बटण. हा सुनंदाचा नियम. मिक्सरची झाली, गाडीची झाली, राउटरची कशी चुकेल? गजानननं नारळ फोडला, पलंगावरून सुनंदानं ओलं कुंकू लावलं आणि मी बटण दाबलं.

दिवा लाल!

वायर तपासली. परत लावली. लाल. पुस्तिका वाचली, त्यात लाल दिव्याचा उल्लेखच नाही. गजानन म्हणाला, "भाऊजी, पीस खराब हाय. चला परत."

मी आधी मदत केंद्राला फोन लावला. तिकडचा मुलगा सभ्य होता. त्यानं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुमचं कनेक्शन इथून चालू दिसतंय. आणि या मॉडेलला लाल दिवा नसतोच!"

मी राउटर उचलून डोळ्यांजवळ धरला. सुनंदानं कुंकवाचं बोट बरोबर दिव्यावर टेकवलं होतं.

*

एवढं होऊन शनिवारी संध्याकाळी चाचणी घेतली, तर चित्र पुन्हा थांबलं! दोन-दोन मिनिटांनी तेच गोल चक्र. सुनंदा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

मी मोबाइल हातात घेऊन पुन्हा खोल्याखोल्यांतून फिरलो, वेग पाहत. कूलरच्या खिडकीजवळ आकडा एकदम चढला. कूलरच्या अलीकडे आलो की धपकन खाली. वाकून पाहिलं तर आपला नवा राउटर खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर, कूलरच्या मागे चिकटून बसलेला! पुढे लोखंडी पत्रा आणि टाकीभर पाणी.

"हा इथं कोणी ठेवला?"

गजानन छाती काढून पुढे आला. "मी! केवढं ऊन हाय भाऊजी. मशीन तापून राहिली होती. म्हटलं, तिलेबी थोडी हवा लागू द्या!"

सुनंदा तेव्हा बोलली. "गजा, तिले रसवंतीवरबी घेऊन जा एखाद्या दिवशी!"

राउटर मधल्या खोलीच्या फळीवर आला. चित्र जे धावलं, ते थांबायला तयार नाही!

*

रविवारी आमच्या हॉलमध्ये अर्धी गल्ली होती. वानखडे मात्र स्वतःच्या घरी. आठ शिंगं सोडून ते आमच्याकडे कसे येणार?

सामना बरोबरीत आला. शेवटचं मिनिट. समोरच्या संघाची एकच मुलगी मैदानात आणि ती काही केल्या सापडेना. पल्लवीला खो मिळाला. ती वळली, धावली, खांबाजवळ पुन्हा तसाच सूर! सुनंदानं माझं मनगट असं धरलं की बोटं वळली.

चित्र थांबलं नाही. पल्लवी हवेतून खाली आली, आणि तिचा हात त्या मुलीच्या टाचेला लागलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला.

हॉलमधून जो आवाज उठला, त्यानं रस्त्यावरचे ऑटो थांबले! गजानन नाचायला लागला. सुनंदा रडत होती, हसत होती, प्लास्टरचा पाय पलंगावर आपटत होती.

तेवढ्यात समोरच्या घरातून वानखड्यांचा संतापलेला आवाज आला.

"अरे, चूप बसा ना बे! आमच्याकडं अजून दीड मिनिट बाकी हाय!"

*

थोड्या वेळानं पल्लवीचा फोन आला. मागे ढोल वाजत होते. मी स्पीकर लावला.

"आई! पाहिलं का?"

"पाहिलं नं बापा. अख्खं पाहिलं." सुनंदानं पदरानं डोळे पुसले. मग आवाज बदलला. "उजव्या गुडघ्याले काय झालं?"

"कुठं काय?"

"दुसऱ्या पाळीत कातडीच्या रंगाची पट्टी होती. पहिल्या पाळीत नव्हती. आन् बक्षीस घ्यायले पायऱ्या चढली, तं डावा पाय आधी टाकून राहिली होती."

ढोल वाजत राहिले. हॉलमधली अर्धी गल्ली फोनकडे सरकली.

"आई, फोन बाबाले दे."

मी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.

"बाबा," पल्लवी हळूच म्हणाली, "एवढा चांगला राउटर घ्यायले तुमाले कोणी सांगितलं होतं?"