मिठातल्या जोड्या

शाळेच्या प्रयोगशाळेत काकांनी तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. शिकवायला सर आणि बाई. काकांनी बाटल्या भरायच्या, सोडियमचा तुकडा रॉकेलात नीट बुडालाय ना ते बघायचं. पण कानावर पडून पडून धडा तोंडपाठ झालेला. सोडियमकडे बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, क्लोरीनला नेमका एक कमी. याने दिला, त्याने घेतला, हा झाला अधिक, तो झाला उणे, आणि बसले एकमेकांना चिकटून. झालं मीठ!

मुलांना दाखवायला काकांनी लाकडी मण्यांच्या बत्तीस जोड्या केल्या होत्या. एक पिवळा, एक हिरवा, मधे काडी. रंग बायकोने दिले होते, घरच्या टेबलाशी बसून. तिला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून घरात एक ताट, एक पेला, आणि बोलायचं तर भिंतीशी.

लांबच्या गावी राहणारी ताई दर रविवारी फोन करायची. "रिटायर झालास की इकडेच ये. वरची खोली रिकामी आहे."

"बघू," काका म्हणायचे. त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे ताई पुरतं ओळखून होती. जोडी फुटली की उरलेल्याने दुसऱ्यांच्या संसारात लुडबुड करू नये, हा काकांचा हट्ट. एकटेपणा आतून खात होता, पण मोडेन पण वाकणार नाही.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात नव्या बाईंनी त्या मण्यांचं खोकं उघडलं. "काका, सुरेख केलंय. पण मिठात अशा जोड्या नसतात हो."

काकांचा पारा चढला. "तीस वर्षं मी काय झोपा काढत होतो?"

"देणंघेणं खरंच आहे. पण अधिक झालेला सोडियम एकाच क्लोरीनला धरून बसत नाही. त्याच्याभोवती सहा असतात. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना, वर, खाली. क्लोरीनभोवतीही तसेच सहा सोडियम. कोण कोणाचा, असं काही ठरलेलं नसतं."

काकांनी खोकं आपल्याकडे ओढलं. मग दोन दिवस खपून त्यांनी सगळ्या काड्या उपसल्या, मण्यांना नवी भोकं पाडली आणि चौकोनी ठोकळा रचायला घेतला. एक हिरवा मणी हातातच दुभंगला. बायकोने रंगवलेला. ठोकळ्याच्या पोटात त्याची जागा रिकामीच राहिली.

"आता हे टिकायचं नाही," काका म्हणाले.

बाईंनी ठोकळा उचलून हलवला. जागचा हलला नाही एकही मणी. "असू दे. खऱ्या खड्यातही कुठेकुठे जागा रिकाम्या असतात. आजूबाजूचे सांभाळून घेतात."

संध्याकाळी काकांनी स्वतःहून फोन लावला. "ताई, वरच्या खोलीत माझं टेबल मावेल का गं?"

"आज रविवार नाही," ताई घाबरून म्हणाली. मग तिला उमगलं. "मावेल रे. तू आधी ये तर."

काका काहीतरी बोलायला गेले आणि रडलेच. चार वर्षांत पहिल्यांदाच, कोणीतरी ऐकत असताना.