मागे घेतलेले हात

काल आमच्या गल्लीत निलगिरीच्या फांद्या छाटल्या. त्या वासासरशी मला हैफाजवळचं क्षयाचं इस्पितळ आठवलं. आम्ही मुंबईहून इस्राएलला येऊन थोडेच दिवस झाले होते, लग्नही नवंच होतं, आणि हे तिथे दाखल होते.

अंगणातल्या निलगिरीखालच्या बाकाच्या एका टोकाला हे बसले, दुसऱ्या टोकाला मी. एका खोलीत राहिलो होतो म्हणून माझाही एक्स-रे काढला होता.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"फोटो साफ आहे. पण तुमची औषधं पुरी होईस्तोवर मूल नको. तान्ह्या बाळाला हा आजार लवकर धरतो."

"आईने तर नातवंडासाठी एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोललाय."

"मग नबीला म्हणावं, जरा दमाने घे."

हे हसले आणि खोकला आला, तशी तोंडावर रुमाल धरून पाठ फिरवली.

निघताना मी सवयीने हातबोशीसाठी हात पुढे केले. आम्ही बेने इस्राएल ज्यू भेटताना-निघताना एकमेकांच्या हातांना हात लावून मग आपली बोटं ओठांना लावतो. यांनी हात मागे घेतले.

"नको, रिबका. आपल्याला बाळ हवंय ना?"

"हाताने नाही लागत हो, खोकल्याने लागतो. डॉक्टरनेच सांगितलंय."

तरी हात पुढे आले नाहीत. मी रागाने बस गाठली.

पुढे हे बरे झाले, दोन धडधाकट मुली झाल्या. आता हे जाऊनही वर्षं लोटली. पण ती बस सोडून, यांचे हात पुढे येईपर्यंत तिथेच बसायला हवं होतं, असं अजून वाटतं.