अर्ध्या ब्लेडचं काम

ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ती साध्या रबराने जात नाही. दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे करायचे आणि अर्ध्या तुकड्याने ती हलक्या हाताने खरवडायची. कागद फाटता कामा नये. अंबरनाथच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा पहिले सहा महिने मी एवढंच शिकलो. हे शिक्षण शेवटी कुठे कामाला येणार हे तेव्हा कळलं असतं, तर कुळगावात वडिलांची भातशेतीच केली असती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आले. जवळच्याच कॅम्प दोन वस्तीतल्या कॉम्प्युटर क्लासला कोणाला पाठवायचं याची यादी लागली, तर तीत सगळे चाळिशीच्या आतले. मी बावन्न वर्षांचा, शेजारच्या ड्रॉइंग बोर्डावरचा माझा शिरगावचा मित्र चोपन्नचा. आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब आमच्याहून वीस वर्षांनी लहान. म्हटलं, स्वतःच्या खर्चाने जातो, सुट्टीच्या दिवशी जातो.

"प्रश्न खर्चाचा नाही, वयाचा आहे," ते म्हणाले. "आता तुम्ही काय शिकणार?"

मित्राचं डोकं फिरलं. माझंही. हेच वाक्य जसंच्या तसं लिहून आम्ही मोठ्या मॅनेजरांकडे अर्ज केला. बाकीच्या जुन्या लोकांनी आमची पाठ थोपटली, सही मात्र एकानेही केली नाही. मला त्यांचा आजही राग येतो.

आठवड्याभरात आमचे बोर्ड गोदामाशेजारच्या खोलीत गेले. त्याच साहेबांनी नवं काम दिलं. यापुढे ड्रॉइंगवर माणसाचं नाव नको असं ठरलंय म्हणे. तेव्हा जुन्या सगळ्या ट्रेसिंगच्या उजव्या कोपऱ्यात, ज्याने ड्रॉइंग काढलं त्याचं नाव असतं, ते खरवडून टाकायचं. कपाटातली बहुतेक ड्रॉइंग आम्हा दोघांचीच होती. कॉम्प्युटरवरच्या पोरांची नावं मात्र ठळक छापून येत होती. मी ते दाखवलं, तर साहेब म्हणाले, "अजून एक अर्ज करा ना."

मित्र महिनाभर टिकला. एका दुपारी डबाही न उघडता त्याने राजीनामा लिहिला. जाताना म्हणाला, "एका तरी ड्रॉइंगवर माझं नाव राहू दे रे." मी हो म्हटलं आणि एक ठेवलं. साहेब रोज संध्याकाळी एकेक कागद तपासत. तिसऱ्या दिवशी ते ड्रॉइंग माझ्या बोर्डावर परत आलं. मी ते नाव खरवडलं. पुढे तो बाजारात भेटायचा, पण त्याने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मला नोकरी सोडता येत नव्हती. धाकटीचं लग्न व्हायचं होतं. काही महिन्यांनी कपाटाच्या तळाशी माझं सगळ्यात पहिलं ड्रॉइंग हाती लागलं, पंपाच्या झाकणाचं. त्यावर नाव नीट यावं म्हणून मी तेव्हा आधी वेगळ्या कागदावर कितीदा तरी गिरवलं होतं. ते नाव खरवडायला पाऊण तास लागला. कागदाला मात्र इजा होऊ दिली नाही. सवयच ती.

संध्याकाळी साहेबांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. कोपऱ्यात काहीही दिसत नव्हतं.

"हात अजून चांगला आहे तुमचा," ते म्हणाले.

मी थँक यू म्हणालो.