तोरणमाळच्या मोहात एक दाबाचं यंत्र

शहाद्याहून तोरणमाळ म्हटलं की लोक तलाव, सीताखाईचा कडा आणि पावसाळ्यातलं धुकं विचारतात. मी गेलो ते होळी उलटून गेल्यावर, मोहफुलं पडायच्या दिवसांत, आणि तेही एका यंत्रापायी.

माझं शहाद्यात दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे. शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण स्क्रू उघडून झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांचे दिवे, भिंगं, खुर्च्या, सगळं माझ्या हाताखालून जातं, आणि माझ्याकडून गेलेली वस्तू परत येत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी आहे.

डोळ्यांच्या डॉक्टर मेघा पाड्यापाड्यांतल्या पन्नाशीपुढच्या माणसांच्या नजरेचा अभ्यास करतायत. कोणाला किती दिसतं, कशामुळे कमी दिसतं, आणि इलाज असताना माणसं दवाखान्यापर्यंत का पोचत नाहीत, हे घरोघर जाऊन बघायचं. त्यांच्याकडे डोळ्याचा दाब मोजायचं हातातलं नवं यंत्र होतं. दाब वाढला की आतली नस हळूहळू मरते, तोच काचबिंदू. दुखत नाही, कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. "नाना, डोंगरातल्या धुळीनं यंत्रानं दगा दिला तर सगळं काम वाया. तुम्ही सोबत चला," त्या म्हणाल्या. मी लगेच तयार झालो. यंत्राच्या काळजीनं आदल्या दिवसापासून जेवण जात नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सकाळी निघालो. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: डिझेल शहाद्यातच भरा, वर पंप नाही. म्हसावदपर्यंत रस्ता बरा आहे, राणीपूरला चहा घ्या, दहा रुपयांत मिळतो आणि गोड असतो. पुढे घाट. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, प्रत्येक वळणावर हॉर्न द्यायचा. आमचा सलीम ड्रायव्हर हॉर्न देतच नव्हता. मी यंत्राची पेटी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

"नाना, बाळंतीण शे का पेटीमा?" त्यानं आरशातून बघत अहिराणीत विचारलं.

"तू पुढे बघ."

"पुढेच दखी ऱ्हायनू. तुम्हीच डोया मिटी लिन्हात."

मिटले होते, खरं आहे. डावीकडे दरी होती.

वर तलावाजवळ राहायची साधी, स्वच्छ सोय आहे. शनिवार-रविवारी जाणार असाल तर आधी सांगून ठेवा. सामान टाकून थेट पाड्यावर गेलो. पाड्याचं नाव देत नाही, तिथल्या लोकांच्या तब्येतीचा मामला आहे. घरं एकमेकांपासून लांब, प्रत्येक आपापल्या टेकाडावर. गावची आशाताई वनिता सोबत होती; पावरी बोलणं तिच्याशिवाय आम्हाला कळलं नसतं. आधी लांबवर तक्ता धरायचा, त्यावरच्या खुणेचे पाय कुठल्या बाजूला आहेत ते बोटानं दाखवायचं, मग दाब.

रेलबाई नावाच्या आजीनं तक्त्यावरच्या बारीक खुणासुद्धा बरोबर दाखवल्या. सगळे हसले, म्हणाले, हिची नजर घारीची. फक्त सून म्हणाली, "दारातून जाताना चौकटीला खांदा मारते." दाब मोजला तर दोन्ही डोळ्यांत तिशीपलीकडे. वीस-एकविसापर्यंत ठीक असतं. बाहुली बारीक, आत थोडा मोतीबिंदू, त्यामुळे डॉक्टरांना नस नीट दिसेना. यंत्राचा आकडा हाच काय तो पुरावा. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याची गाडी खाली जाणार होती, तिच्यातून रेलबाईनं जायचं ठरलं. "माझं मोहाचं झाड कोण वेचणार?" एवढंच तिनं विचारलं. इथे झाडं घरागणिक वाटलेली आहेत. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही, आणि पहाटे वेचलं नाही तर ते शेळ्यांच्या पोटात जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरस्त्याप्रमाणे यंत्र आधी स्वतःवर तपासायला बसलो. शहाद्याला डाव्या डोळ्यावर तपासलं होतं, ठीक आलं होतं. आज डाव्यात कचरा जाऊन पाणी येत होतं, म्हणून वनिताला म्हटलं, उजव्यावर घे. तिनं कळ दाबली. आकडा बघून मी तिच्या हातातून यंत्र काढून घेतलं. तिशीच्या जवळ.

"यंत्र गेलं," मी म्हणालो.

डॉक्टर मेघा भाकरी तशीच ठेवून आल्या. "कालची सगळी मापं?"

"भरवशाची नाहीत."

त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी वनिताला सांगितलं, रेलबाईला निरोप दे, आज यायची गरज नाही, यंत्रात खोट निघाली. वनिता गेली.

मी चादर अंथरली आणि यंत्र खोललं. डोळ्याला हलकेच टेकणारी सुई बसते ती छोटी नळी धुळीनं भरते, हे मला माहीत होतं. ती स्पिरिटनं धुतली. सुकवली. तरी मनाला पटेना म्हणून नवी बसवली. बॅटरी बदलली. परत उजव्या डोळ्यावर घेतलं: तेच. घाट चढून आलो म्हणून असेल, असं वाटलं, पण ते काल होतं. शर्टाचं वरचं बटण आवळलेलं असलं तर दाब वाढतो, म्हणून तेही उघडलं. तेच. डॉक्टरांवर घेतलं: चौदा. सलीमवर घेतलं: सोळा. तो खूश झाला, जणू पेपरात पास झाला.

"यंत्र चुकतंय," मी म्हणालो.

सलीमनं तंबाखू मळता मळता म्हटलं, "नाना, बठ्ठासले खरं सांगस, मंग तुम्हलेच खोटं कसं सांगी?"

सगळ्यांना खरं, मग मलाच खोटं कसं? मी त्याला गप्प बस म्हणालो. पाणी यायचं थांबलं होतं, म्हणून डाव्या डोळ्यावर घेतलं. सतरा. परत उजव्यावर घेतलं. तिशीजवळ. मग हात थांबला. मी हजार यंत्रं उघडली असतील. एका माणसाच्या एकाच डोळ्यापुरतं बिघडणारं यंत्र मी पाहिलेलं नाही. ते बरोबर होतं. माझ्या हातानं मीच ते सिद्ध केलं होतं.

डॉक्टरांनी माझा डावा डोळा झाकायला लावला, समोर बघत राहा म्हणाल्या, आणि बोट हलवलं. नाकाच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, बोट दिसेनासं व्हायचं. दोन्ही डोळे उघडे असले की डावा ती जागा भरून काढतो, म्हणून इतकी वर्षं पत्ता नाही. "उशीर झालेला नाही, नाना," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "किती गेलंय?" त्या म्हणाल्या, "ते खालच्या मोठ्या यंत्रावर कळेल." ते मोठं यंत्रही मीच दुरुस्त केलेलं आहे, आणि पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

मग आठवण झाली ती रेलबाईची. गाडी दुपारी सुटणार होती, आणि तिला निरोप गेला होता की यंत्र खोटं.

सलीमनं जीप शक्य तिथवर नेली, पुढे मी आणि निरोप देऊन परतलेली वनिता पायी, यंत्राची पेटी माझ्या खांद्याला. ऊन चढलेलं, पाचोळ्यावरून पाय घसरत होते. मधूनच डावा डोळा झाकून, नाकाच्या बाजूची कुठली फांदी दिसत नाही, हेच मी तपासत चाललो. घरी नव्हती. झाडाखाली नव्हती. शेवटी वरच्या टेकाडावर सापडली, टोपलीत वाळलेली मोहफुलं निवडत.

वनितानं सांगितलं. रेलबाई माझ्याकडे बघून काहीतरी बोलली आणि सून हसली.

"काय म्हणाली?"

"काल खरं, सकाळी खोटं, आता परत खरं. म्हणते, या माणसाला घरी कोण विचारतं?"

मी खाली दगडावर बसलो आणि वनिताला म्हटलं, हिच्यासमोर माझं माप घे. वनितानं घेतलं, आकडा वाचून पावरीत सांगितला. रेलबाईचं हसू थांबलं. तिनं माझी हनुवटी धरून माझ्या डोळ्यात निरखून पाहिलं, जणू आत काही दिसणार होतं.

"तुझ्याही डोळ्यात?" हे ती मराठीतच म्हणाली. "मग तू चल आधी."

"दोघं जाऊ."

"झाड?"

सून म्हणाली, मी वेचेन. "ही अर्धी फुलं पाल्यात सोडते," रेलबाई वनिताला म्हणाली, पण उठली. लुगडं सारखं केलं, आणि उतारावर माझ्या उजव्या बाजूनं काठी टेकत चालू लागली. ती एक पाऊल मागेच राहायची, म्हणून मला सारखी दिसेनाशी होत होती. मी मान वळवून वळवून बघत होतो.

गाडी आमच्यासाठी थांबली होती. घाट उतरताना मी डोळे उघडे ठेवले.

दवाखान्यात दोघांचं निदान एकच निघालं. तिच्या दोन्ही डोळ्यांची कडेची नजर बरीच गेलेली, मधली शाबूत; माझ्या एकाची सुरुवात. औषधाचे थेंब, रोज, जन्मभर. चुकवायचे नाहीत. रेलबाई तिसऱ्या दिवशी परत वर गेली, थेंबांची बाटली पदराच्या गाठीत बांधून.

घरी आल्यावर लोक विचारतात, तोरणमाळ कसं होतं? मी सांगतो, उडदाची डाळ खा, सीताखाईला संध्याकाळी जा, कड्याच्या फार जवळ उभे राहू नका. आणि चाळिशी ओलांडली असेल तर जायच्या आधी डोळ्याचा दाब मोजून घ्या. पाच मिनिटं लागत नाहीत. समोरचं नीट दिसतं म्हणजे नजर चांगली, असं मीही समजत होतो.

संध्याकाळी वनिता रेलबाईच्या घरून फोन करते. म्हातारी ओरडून विचारते, "घातले का?" मी म्हणतो, घातले, तू घातले? मग ती थेंब झोंबतात म्हणून मला शिव्या देते. परवापासून फोन लागलेला नाही. वर रेंज जाते, हे मला माहीत आहे, वनितालाही दुसरी कामं असतात. पण बाटली एक महिना पुरते आणि महिना संपत आलाय. म्हणून आज दुकान लवकर बंद केलं, दोन बाटल्या घेतल्या, एक तिची, एक माझी, आणि सलीमला सांगितलं, उद्या सकाळी डिझेल भरून ये.