सिंधूचा चेहरा आणि अठरा मेगापिक्सेल

मन्मथ एका जागी स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. आमची दुकानं लातुरात ट्यूशनवाल्यांच्या गल्लीत, एकमेकांना लागून. माझं फ्लेक्स छापायचं, त्याचं फोटो काढायचं, मध्ये नुसता पत्रा. त्या पत्र्यापलीकडून दिवसभर त्याच्या पायाची ठकठक ऐकू यायची. गिऱ्हाईक नसलं की तो खुर्ची अर्धी दुकानात आणि अर्धी रस्त्यावर टाकून बसायचा आणि गुडघा हलवत राहायचा. एखादा भरलेला ट्रक गेला, शटर थरथरलं, की हा रस्त्याच्या मधोमध उभा आणि खुर्ची मागे आडवी पडलेली. त्याला कुणी हसत नसे. आमच्या भागातल्या ज्या माणसांनी भूकंप पाहिलाय, त्यांना असल्या गोष्टीचं हसू येत नाही.

हसू यायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. असा हा वळवळ्या माणूस कॅमेरा हातात धरला की गिऱ्हाइकावर खेकसायचा, "हलू नका! हलू नका म्हणलं ना!" लहान लेकरं तर त्याच्या धाकानं श्वास घ्यायचीसुद्धा थांबत. मी पत्र्याच्या अलीकडून ओरडायचो, "मन्मथप्पा, आधी तू थांब की!" तो मनावर घ्यायचा नाही.

दुकानाचं नाव सिंधू फोटो स्टुडिओ. सिंधू त्याची धाकटी बहीण. औशाकडच्या त्यांच्या गावात त्र्याण्णवच्या भूकंपात आई, वडील आणि सिंधू, तिघंही घराच्या दगडमातीखाली गेले. मन्मथ तेवढा वाचला, कारण शिकायला म्हणून त्याला त्या जूनपासून उमरीला मामाकडे ठेवलं होतं. घरातला एकही कागद हाती लागला नाही. राहिला तो एकच फोटो, आणि तोही सिंधूनंच राखीच्या पाकिटात घालून उमरीला पाठवलेला म्हणून. त्याआधीच्या हिवाळ्यात, मन्मथ गावातच असताना, शाळेच्या गॅदरिंगला काढलेला चौथीच्या वर्गाचा ग्रुप फोटो. चौदा वर्षांचं पोरगं, त्यानं राखी बांधली, फोटोकडे उडती नजर टाकली आणि तो कुठल्याशा पुस्तकात ठेवून दिला. भूकंप झाल्यावर मात्र तो फोटो त्यानं पुन्हा शोधून काढला.

त्यात सिंधूचा चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. ओळखायची खूण एकच, फ्रॉक. गॅदरिंगच्या आधीच्या दिवाळीला आईनं एकाच ताग्यातलं कापड आणून त्याचा शर्ट आणि तिचा फ्रॉक शिवला होता. हिरव्यावर पांढरी फुलं. मागच्या रांगेत तो फ्रॉक स्पष्ट दिसायचा, वरचा चेहरा मात्र पुसट. स्टुडिओच्या भिंतीवर नीट परीक्षेवाल्या आणि दहावी-बारावीवाल्या पोरांचे फोटो दाटीवाटीनं लावलेले, पण काउंटरच्या वर एक खिळा कायम रिकामा. तिथं सिंधूचा मोठा फोटो लागायचा होता.

"नरसिंगभाऊ, मी तिचा चेहरा विसरून चाललो ओ," तो एकदा मला म्हणाला. "आवाज आठवतो, चालणं आठवतं. चेहरा आठवाया गेलो की ह्यो फोटोच समोर येतो, आन ह्यात तर काहीच न्हाई." त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, निव्वळ भीती होती. ती मला आजही विसरता येत नाही.

म्हणून हे कॅमेऱ्याचं वेड. रोलच्या काळात त्यानं त्या फोटोवरून फोटो काढून पाहिले, तर चेहऱ्याच्या जागी कापूस. मग डिजिटल आलं. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला त्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकं परत पाठवली आणि शटर निम्मं ओढून आधी त्या ग्रुप फोटोचाच फोटो काढला. संगणकावर मोठा करत नेला, तर फरशीसारखे चौकोन. त्याला वाटलं, ठिपके कमी पडले. मग पाच मेगापिक्सेलचा आणला. मग आठचा, मग बाराचा. कधी नांदेडहून, कधी थेट हैदराबादेहून. जुना विकायचा, नवा घ्यायचा, आणि पेटी फोडली की पहिला फोटो सिंधूचा.

मी त्याच्याशी भांडायचो. माझं कामच ठिपक्यांचं, मला राहवत नसे. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके, बस. ठिपके जास्त असले की फोटो मोठा छापता येतो, जवळून पाहिला तरी फाटत नाही, एवढं खरं. पण म्हणून तो चांगला येतो असं नाही. छोट्या कॅमेऱ्याच्या आतली फोटो टिपणारी चिप नखाएवढी. तिच्यावर दुप्पट ठिपके कोंबले तर एकेकाच्या वाट्याला उजेड निम्मा. नळाला पाणी तेवढंच आणि खाली घागरी वाढवल्या, की प्रत्येकीत घोटभरच पडणार. हे लातूरकराला काय समजावून सांगायचं? त्याचा बारा मेगापिक्सेलवाला ट्यूबलाइटच्या उजेडात असा फोटो काढायचा की पोराच्या गालावर रवा सांडल्यासारखे रंगीत कण. आधीचा आठवाला त्याहून साफ होता. भिंग कसं आहे, उजेड कुठून येतो, हात थरथरतो का, यावर निम्मा फोटो ठरतो. पण हे ऐकायला मन्मथनं थांबायला तर पाहिजे!

गल्लीनंही त्याला चढवून ठेवलं होतं. निकालाचा हंगाम आला की क्लासवाल्यांची एकमेकांत चढाओढ, कुणाचा फ्लेक्स मोठा. आमचे राघवेंद्र सर, फिजिक्सचा क्लास चालवणारे, भले माणूस, दुकानात पाऊल टाकताच विचारायचे, "मन्मथ, औंदा किती मेगापिक्सेल?" जणू ठिपके वाढले की पोरांचे मार्कही वाढणार. चौकातल्या फ्लेक्सला खरं तर तीन मेगापिक्सेलसुद्धा चालून जातात. माणूस तो रस्त्यापलीकडून पाहतो, शिडी लावून नाक टेकवून पाहत नाही. पण सरांनी विचारलं की मन्मथचा गुडघा आणखी जोरात हलायचा.

नीट परीक्षेचं वारं अजून नवं होतं, तेव्हा त्यानं मोठ्या भिंगाचा, अठरा मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला. हा खरोखर चांगला होता, मीसुद्धा मान्य केलं. स्टँडवर लावला, दोन बाजूंनी सारखा उजेड पाडला, ग्रुप फोटो काचेखाली सपाट केला, सगळं अगदी शहाण्यासारखं. संगणकावर हिरवा फ्रॉक उघडला, वर सरकला. पूर्वीच्या काळी फोटो खरबरीत सिल्क कागदावर छापत, त्या कागदाची वीण स्वच्छ दिसली. बुरशीचा एक ठिपका दिसला. कुणाच्या तरी बोटाचा ठसा दिसला. चेहरा होता तेवढाच.

"मूळ कागदावरच न्हाई रे ते," मी म्हणालो. "कॅमेरा आणणार कुठून? तू चोवीसचा आण न्हाई तर पन्नासचा आण, ह्या कागदाचाच फोटो निघंल."

तो माझ्यावर उखडला. "तुमाला काय जातंय बोलाया!" म्हणाला आणि दुकान तसंच उघडं टाकून निघून गेला. स्क्रीनवर तो पुसट चेहरा तसाच राहिला. मलाही राग आला होता, त्याचा नव्हे, मीच खरा ठरल्याचा.

तेवढ्यात एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. नवोदयच्या परीक्षेसाठी पासपोर्ट फोटो पाहिजे होता, शिरूर अनंतपाळहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. मी म्हणालो, बसा, येईल आत्ता. बाई बसल्या नाहीत. दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, आणि जवळ येत म्हणाल्या, "ह्यो आमच्या शाळेचा फोटो हाय."

मन्मथ रस्ता ओलांडून परत येत होता. त्यानं ते ऐकलं आणि जागीच उभा राहिला.

"तुमी मन्मथदादा न्हाई का? सिंधूचे भाऊ?" बाई म्हणाल्या. "मी तनुजा. सुताराच्या घराशेजारची. त्या भूकंपानंतर मला आजोळी नेलं, मग काही पत्ताच न्हाई कुणाचा."

 मन्मथनं स्क्रीनकडे बोट केलं, त्या हिरव्या फ्रॉककडे. "एवढीच राहिली बघ सिंधू."

तनुजा वाकून पाहू लागली. मग तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. सांगू का नको, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"दादा, ही सिंधू न्हाई. ही मी हाय."

"फ्रॉक तर..."

"फ्रॉक तिचाच. त्या दिवशी मला चांगलं काहीच नव्हतं घालाया. मी लई रडायले म्हणून तिनं मला शाळेच्या मागं नेलं, आन आपला फ्रॉक काढून मला घातला, माझा तिनं घातला. म्हणली, फोटोपुरता घाल, घरी जाताना दे. तुमच्या आईला कळलं असतं तर दोघींनाबी मार बसला असता."

 कापूस, चौकोन, रवा, वीण, एवढी सगळी वर्षं हा माणूस तनुजाच्या चेहऱ्यात आपली बहीण शोधत होता!  तिनं हे सांगायला नको होतं, असंसुद्धा क्षणभर वाटून गेलं.

"मग सिंधू कुठं हाय?" मन्मथनं विचारलं. आवाज लहान मुलासारखा.

तनुजानं शेजारच्या मुलीवर बोट ठेवलं. विटका, राखी रंगाचा फ्रॉक आणि वर चेहऱ्याच्या जागी नुसता एक आडवा फराटा. फोटो काढताना मान वळली होती. त्या मुलीकडे आम्ही कुणी कधी लक्षच दिलं नव्हतं. कॅमेरा मोठा होत गेला तसतसा तो फराटाही नेमानं मोठा होत गेला होता.

"हलली ती," तनुजा म्हणाली. "फोटोवाला हलू नका, हलू नका म्हणून वरडायला, आन तुमी कुंपणाच्या तारंपाशी उभं राहून तिला वेडावून दाखवायले. ती तुमच्याकडं बघायली होती. मागून बाईंनी कान धरला की तिचा! तुमाला आठवत न्हाई का?"

मन्मथ खाली बसला. खुर्चीत नाही, फरशीवर, भिंतीला पाठ टेकून, दारापासून आत. त्याचा गुडघा हलत नव्हता. बराच वेळ त्यानं डोळे मिटून ठेवले आणि मग रडत रडतच तो हसायला लागला.

"बाजूचा दात पडला होता तिचा," तो म्हणाला. "मी वेडावलं की ती त्या फटीतून जीभ काढायची. उजव्या गालाला, इथं, खळी. नाक आईवानी. नरसिंगभाऊ, दिसायली ओ मला. दिसायली!"

तनुजाही रडत होती. मी पाणी आणायच्या निमित्तानं माझ्या दुकानात गेलो आणि तिथं उभा राहून डोळे पुसून आलो.

मग तिची मुलगी म्हणाली, "मामा, माझा फोटो?" नाव उर्वी तिचं. मन्मथनं तोंड धुतलं आणि तिला स्टुलावर बसवलं. पोरगी आईकडे बघून खुसूखुसू हसत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे. मी सवयीनं वाट पाहिली की आता हा खेकसणार. पण तो कॅमेरा धरून उभा राहिला, तिचं हसून होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन माझ्याकडे आला. तेवढाच फराटा मोठा करून द्या म्हणाला, खिळ्यावर लावायला. मी म्हणालो, अरे, नुसता धुरकट पट्टा येईल. तो म्हणाला, "हाव. तसाच छापा." मी छापला. एकही ठिपका सुधारला नाही.

आता काउंटरच्या वर तोच लागलेला आहे. राघवेंद्र सर परवा आले, पाहून म्हणाले, "मन्मथ, अठरा मेगापिक्सेलचा कॅमेरा तुझा, आणि दुकानात हा हललेला फोटो?"

"हललेला न्हाई, सर," मन्मथ म्हणाला. "माझ्याकडं बघायली ती."