तारेनं मोजा

प्रिय ईशान आणि मही,

परवा बोलता बोलता आपला कॉल तुटला. नंतर तुम्ही विचारलंत, "आजी, तुमच्याकडे अजून लाइट का जाते?" मी हसण्यावारी नेलं, पण राग आला होता. तुमच्यावर नाही. म्हणून देवरे सरांबद्दल आताच लिहून ठेवते.

मी ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, तिथेच सर विद्युत विभागात होते. मूळचे सटाण्याकडचे, बोलण्यात मधूनच अहिराणी यायची. लाइट गेली की आम्ही सगळे खिडकीशी जाऊन समोरच्यांचीही गेली का ते बघायचो. सर मात्र खुर्चीत डोळे मिटून बसत. दिवे क्षणभर लागून पुन्हा गेले की म्हणत, "घ्या. टाकून बघितलं." बिघाड कुठे आहे ते न शोधता स्विच पुन्हा टाकून बघायचा, ही इथली रीत. अशाच एका टाकून बघण्यात त्यांच्या लाइनमन भावाचा हात गेला होता.

तारेवर फांदी पडली की तिथून एक लहर वीज उपकेंद्रापर्यंत धावत येते, आपटून परत बिघाडाकडे जाते आणि पुन्हा येते. मधल्या वेळावरून अंतर काढता येतं. पण तारेत शेतपंपांचा, कारखान्यांचा गोंगाट असतो. त्यातून नेमकी ती लहर गणिताने वेगळी काढणारं यंत्र सरांनी बनवलं. त्याचे इंग्रजी अहवाल मी तपासायचे. एकदा म्हटलं, "सर, वाक्य फार लांबलंय." तर म्हणाले, "मॅडम, लाइनच लांब शे, मी काय करू?"

खूप खेटे घातल्यावर दिंडोरी रोडच्या एका उपकेंद्रात यंत्र लावायची परवानगी मिळाली. वीज कंपनीचे तिथले साहेब म्हणाले, "एकदा माझ्यासमोर बरोबर जागा दाखवा, सगळीकडे लावू."

वाऱ्याच्या एका दुपारी आम्ही तिथे असतानाच लाइन गेली. यंत्रावर आलं, सहा किलोमीटर. साहेब आम्हाला जीपमध्ये घेऊन निघाले आणि जीपच्या मीटरवर सहा होताच उतरले.

"साहेब, तारेनं मोजा, रस्त्यानं नको," सर वाटभर सांगत होते. "तार कालव्याला वळसा घालून द्राक्षबागेतून येते. जागा मागं राहिली."

"सहा म्हणजे सहा, सर. इथं तारेवर चिमणीसुद्धा नाही. बावचळलंय तुमचं मशीन." आणि साहेबांनी उपकेंद्राला फोन लावला, "टाकून बघ रे."

संध्याकाळी फांदी सापडली, मागच्या द्राक्षबागेत. सरांनी खांब मोजून दाखवले. तारेने बरोबर सहा. पण तोवर साहेबांचा शेरा वर गेला होता: अनुपयुक्त. तो बदलायचा तर पुन्हा चाचणी हवी, चाचणीला नवी परवानगी हवी. त्या परवानगीचे अर्ज मी लिहिले, एकाहून एक नेटके. एकाचंही उत्तर आलं नाही. मी चिडून बोलायचे, सर शांतपणे नवा कागद पुढे सरकवायचे. "तारेतली लहर आपटून का होईना, परत येते मॅडम. अर्ज तेवढा येत नाही."

गेल्या वर्षी सर गेले. मध्यंतरी मी मुद्दाम त्या उपकेंद्रात जाऊन आले. यंत्र काढून टाका, असाही आदेश कोणी काढलेला नाही, त्यामुळे ते भिंतीवर तसंच आहे. चालू आहे. लाइन गेली की त्याच्या पडद्यावर अंतर उमटतं.