पोरीला ऑटो झालाय

नकला कराव्या तर मीच. कुडपणापासून पोलादपूरपर्यंत माझ्यासारखं गाढव कोण करीत नाय, आणि लोक बोलतात, ह्याला करावं कुठं लागतं, नुसता उभा राहिला तरी पुरतं.

ह्या नकलेनंच माझा घात केला. महाडच्या एमायडीसीतली आमची कंपनी. पर्सनल साहेबाची केबिन. काचेचा दरवाजा, आत एसी. मी टेबलासमोर चवड्यांवर उभा राहून दोन्ही हात पाखरासारखे फडफडवत व्हतो आणि गोल फिरत व्हतो. साहेब हसत व्हता. विम्याचा माणूस हसत व्हता. क्लार्क तर कपाटाला धरून हसत व्हता. मी नक्कल करत व्हतो माझ्या स्वतःच्या पोरीची.

चिमी तेव्हा सहा वर्षांची. बोलायची नाय. हाक मारली तर बघायची नाय. ताटली हाताला लागली का दुपार सरंपर्यंत फिरवत बसायची. गावात कोण बोललं बाहेरचं हाय, कोण बोललं मुकी हाय. मी बोलायचो, माझ्या घरात दुसऱ्याची पाळीच येत नाय, ती काय बोलेल? बायकोचा भाऊ मुंबईला कामाला. त्यानं मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाई तासभर पोरीशी खेळली आणि नाव सांगितलं. ऑटिझम. बोलली, ह्याला गोळी नाय. शिकवणारी बाई लागते, आठवड्याला दोनदा. मग पोर खुणा करील, स्वतः जेवेल, बोलेल पण. लहान हाय तोवर करा.

मला त्यातलं 'ऑटो' तेवढं राहिलं. मी शाळेचं तोंड बघितलं नाय. बायको चौथी शिकलेली, ती एस्टीत वाटभर तो शब्द घोकत आली. मी झोपलो. गावात येऊन सांगितलं, पोरीला ऑटो झालाय. देवळाच्या पायरीवरनं एकजण बोलला, "मग मीटरनं चालते का शेअर?" सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

तशी बाई महाडात नव्हती. पनवेलला जायचं, यायचं, बाईची फी द्यायची. माझ्या पगारात बसणारं नव्हतं. पण कंपनीचा मेडिक्लेम व्हता. दर महिन्याला पगारातनं कापून जायचा, कार्डावर चिमीचं नाव व्हतं. मी क्लार्ककडं गेलो. त्यानं इचारलं, काय झालंय? बोललो, ऑटो. त्यानं इचारलं, कधी? बोललो, कळलं गेल्या महिन्यात. डॉक्टरीणबाईचा कागद मेव्हण्याकडं राहिलेला, क्लार्क बोलला मागनं जोड. त्यानं लिवलं, मी आंगठा दाबला. लिवलेलं काय, तर 'ऑटो अपघात'.

ते पास व्हायला लागलं की हो. वरनं फोन आला, विम्याचा माणूस पोरीला बघायला येतोय, घेऊन ये. चिमीला नवा फ्रॉक घातला. बायको तिला घेऊन केबिनबाहेरच्या बाकड्यावर बसली, मी आत गेलो.

विम्याच्या माणसानं इचारलं, कुठलं हाड मोडलं? रिक्षाचा नंबर काय? पंचनामा झाला का? मी बोललो, कसली रिक्षा? मग सगळं बाहेर आलं. पहिल्यांदा हसले ते तेव्हा. मी पण.

साहेबानं इचारलं, "मग होतं तरी काय तिला?"

मी शब्द शोधले. सापडले नाय. अख्ख्या तालुक्याला हसवणारं माझं तोंड, तिथं कोरडं पडलं. हात तेवढे चालत व्हते. म्हणून करून दाखवलं. ते हसले. आणि खरं सांगतो, ते हसले तेव्हा मला बरं वाटलं. मी आणखी जोरात केलं. वाटलं, हसणारा माणूस नाय बोलत नाय.

काचेपलीकडं चिमी उठून उभी राहिली. कधी माझ्याकडं न बघणारी पोर. माझ्या हातांकडं बघत व्हती. मग तिनं पण हात वर केले आणि फडफडवले. तोंडभर हसली. तिला वाटलं, बापाला शेवटी आपली बोली आली.

क्लार्क बोलला, "साहेब, बघा. बापलेक."

तिच्या मागं बायको उभी. ती रडत नव्हती. चिमीकडं पण बघत नव्हती. माझ्याकडं बघत व्हती.

साहेबानं चष्मा काढून डोळे पुसले. बोलला, "हे पॉलिसीत बसत नाही रे. जन्मापासूनचं आहे. एक काम कर, खरंच रिक्षाखाली घाल तिला. उद्याच्या उद्या पास करून देतो."

सगळे हसले. मी पण हसायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं.

क्लार्कनं कागद सरकवला, शाईचा पॅड सरकवला. बोलला लाव आणि जा. आंगठा पॅडवर ठेवलासुद्धा, सवय. मग इचारलं, काय लिवलंय? अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा इचारलं. त्यानं वाचलं. मी खोटा क्लेम केला, माफी मागतो, पोरीसाठी परत अर्ज करणार नाय.

"खोटं मी नाय सांगितलं," मी बोललो. "खोटं तुमी लिवलंत. नाय लावत."

तिघं माझ्याकडं बघत राहिले. आता हा काय तरी गंमत करील म्हणून. मी आंगठा युनिफॉर्मच्या पँटीला पुसला आणि बाहेर आलो. तो डाग गेला नाय.

कॅन्टीनच्या पायरीवर आमचा फिटर जाधव भेटला. महाडचाच, वाचणारा माणूस. त्यानं माझ्याकडला पॉलिसीचा कागद वाचून दाखवला. काय काय मिळणार नाय त्याची यादी. दारू पिऊन पडलेला. स्वतःच्या हातानं जीव घेणारा. आणि त्याच्या खाली जन्मापासूनचं, मनाचं, वाढीचं.

"दारुड्याच्या खालच्या ओळीत तुझी पोरगी हाय," जाधव बोलला.

मी बोललो, लिवलंय त्याला काय करणार.

तो तापला. "कुणी लिवलं? ब्रह्मदेवानं? करारात युनियन सही करते ह्याच्यावर. आधी बाळंतपण पण बाहेर व्हतं, भांडून आत घेतलं. महाडच्या तळ्याचं पाणी आमच्या आज्याला कुणी वाटीत घालून आणून दिलं नाय. गेला, वाकला, वंजळ भरली. तू मात्र हात फडफडव."

उत्तर नसलं का मी गाढव करतो. त्या दिवशी केलं नाय.

युनियनच्या पुढाऱ्याकडं गेलो. तो बोलला, एका पोरीपायी अख्खा करार अडवू काय? गेटमीटिंगला मी हात वर केला. पोरं ओरडली, गाढव कर, गाढव कर. मी बोललो, आज माणूस करतो. आणि सांगितलं, पगार सगळ्यांचा कापतात, मग ती ओळ कुणाला इचारून घातली? कोण हसलं नाय, टाळी पण कुणी वाजवली नाय. पुढारी बोलला, वेळ संपली.

सुटल्यावर पाचाडचा एकजण सायकल धरून माझ्या बाजूनं चालायला लागला. मग बोलला, "माझा पोरगा पण तसाच हाय. नऊ वर्षांचा. कामाला जाताना बांधून ठेवतो. कुणाला सांगू नको."

मी त्याला बोललो, सांगायला लागेल. पुढल्या महिन्यात करार हाय, तेव्हा तुला पण उभं राहायला लागेल. तो सायकलवर बसला आणि गेला.

म्हणून ठरवलं. तो आला तर दोघं, नाय आला तर एकटा. ती ओळ कापल्याबिगर माझा आंगठा कुठल्या कागदाला लागणार नाय. कंपनीच्या गॅदरिंगला माझी नक्कल व्हणार नाय. नोकरीवरनं काढला तर गेटबाहेर बसून बोलीन. पोरीला सातवं लागलं, डॉक्टरीणबाई बोललेली लहान हाय तोवर करा. ती वेळ कुणी परत देणार नाय.

घरी जाऊन बायकोला हे सगळं सांगितलं. बोललो, असं बोलीन का साहेबाची काच फुटेल.

ती चिमीला भात भरवत व्हती. वर बघितलं पण नाय.

"आधी पोरीच्या दुखण्याचं नाव नीट बोलायला शिका. तिथं परत ऑटो बोललात, तर घरी येऊ नका."